सोलापुरात रॅटच्या ट्रॅकिया-लंगच्या (श्वासनलिका-फुफ्फुसाच्या) स्लाइड करून घेतल्या, त्याचा रिव्ह्यू

साडेतीन स्टार देतेय. ट्रॅकियाच्या कटिंगला पाच, स्टेन म्हणजे टिश्यू रंगवायच्या पद्धती, त्यातल्या साध्या एच अँड ईला साडेचार, पास-अल्शियन ब्लूला चार, मॅसन ट्रायक्रोमला दोन आणि मायक्रोस्कोपचे फोटो काढून देतात त्याला शून्य. सरासरी काढत बसाल तर साडेतीन येत नाही हे मलाही कळतं, पण कटिंगला मी मुद्दाम जास्त वजन दिलंय, कारण स्टेन बिघडला तर दुसरं सेक्शन, म्हणजे पातळ काप, घेऊन परत करता येतो, टिश्यूच वाकडा बसवून कापून संपवला की तो प्राणी फुकट गेला.

लॅबचं नाव टाकत नाहीये. काकांनीच सांगितलंय, "मॅडम, नेटवर नाव बिव नका टाकू ओ, आधीच बायोप्सीचं काम लई आहे, त्यात तुमची कॉलेजची पोरं सबमिशनच्या टायमाला सगळी एकदम येतात." ज्यांना खरंच काम आहे त्यांनी मेसेज करा, सांगते. छोटी खाजगी हिस्टो लॅब (टिश्यू कापून, रंगवून स्लाइड करणारी) आहे, दोन खोल्या, रिटायर्ड टेक्निशियन काका, त्यांचा भाचा आणि एक जुना रोटरी मायक्रोटोम, म्हणजे काप घ्यायचं यंत्र, जो काका सोडून कुणालाही हात लावू देत नाहीत. भाच्यालासुद्धा नाही.

आता काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं अर्धं कळणार नाही. आमचं फार्माकॉलॉजीचं काम, आरए म्हणजे र्‍ह्युमॅटॉइड आर्थरायटिसचं (स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने सांधे सुजतात तो आजार) रॅट मॉडेल, म्हणजे रॅटमध्ये तसा आजार घडवून बघायचा. कम्प्लीट फ्रॉइंड्स अ‍ॅडजुव्हंट, सगळे सीएफए म्हणतात, म्हणजे उष्णतेने मारलेले मायकोबॅक्टेरिया खनिज तेलात कालवलेले, त्याचं ०.१ मिली मागच्या पायाच्या तळव्यात टोचायचं. तो पाय लगेचच सुजतो, ती नुसती लोकल सूज, खरा आर्थरायटिस दहा-बारा दिवसांनी दिसायला लागतो जेव्हा न टोचलेला दुसरा पायही सुजतो, पुढचे पंजेही, शेपटीवर गाठी येतात. मॉडेल जुनंच आहे, पिअरसनचा पेपर १९५६ चा. लुईस जातीच्या रॅटमध्ये जास्त जोरात होतं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विस्टारच वापरतात, त्यात सगळे प्राणी सारखे सुजत नाहीत. आणि हे काम करणारे शंभरातले नव्वद जण घोट्याचा सांधा घेतात, पंजाची सूज मोजतात, रक्त काढतात आणि बाकीचा प्राणी जाळायला पाठवतात. आम्ही त्याच प्राण्यांचे ट्रॅकिया आणि लंग ठेवले. एथिक्स कमिटीने मंजूर केलेले प्राणी मोजून मिळतात, वाढवून पाहिजे असतील तर परत कमिटीपुढे जा, मग असलेल्यातून जेवढं निघतंय तेवढं का सोडायचं.

आणि ट्रॅकिया-लंगच का, तर आरए हा नुसता सांध्याचा आजार नाहीच मुळी. माणसात आरएवाल्यांना ब्राँकिएक्टेसिस होतो म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, बारीक श्वासनलिकांचा दाह होतो, फॉलिक्युलर ब्राँकिओलायटिस म्हणजे नलिकेला चिकटून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या गाठी बसतात, फुफ्फुसात फायब्रोसिस होतो म्हणजे व्रणासारखं घट्ट टिश्यू वाढतं आणि घशात क्रायकोअ‍ॅरिटिनॉइड म्हणून जो छोटासा सांधा असतो तोसुद्धा सुजतो, मग आवाज बसतो. २०१८ साली एमयूसी५बी या म्यूकसच्या जीनमधला एक बदल आणि आरएमधला फायब्रोसिस यांचा संबंध दाखवला गेला, म्हणजे चिकट म्यूकस हा काही साइड विषय नाही. त्याहून पुढचं म्हणजे सांधे दुखायच्या आधीच ज्यांच्या रक्तात अँटी-सीसीपी (आरएची खूण असलेली अँटीबॉडी) सापडतं अशा काही लोकांच्या सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसलेल्या आहेत, त्यामुळे सगळी भानगड श्वसनमार्गाच्या अस्तरातच सुरू होत असावी असं मानणारे बरेच जण आहेत. सिगारेटचा आरएशी संबंध तर जुनाच. सोलापुरात बसून आणखी एक गोष्ट टोचते, २०१६ साली मलेशियातल्या बायकांवरचा एक अभ्यास आला होता, कापडाच्या धुळीत काम केलेल्यांना आरएचा धोका जास्त. आपल्याकडे पॉवरलूमच्या गल्लीतून नुसतं चालत गेलं तरी अंगावर कापसाची लव बसते, तेव्हा हा विषय मलेशियाचा म्हणून सोडून द्यावा असा नाही. असो, रिव्ह्यू लॅबचा आहे.

गावात पॅथॉलॉजी लॅब भरपूर आहेत पण त्यांचं रोजचं काम म्हणजे गर्भाशय, पित्ताशय, अपेंडिक्स, गाठी. रॅटचा ट्रॅकिया म्हणजे जेमतेम तीनेक मिलीमीटर जाडीची नळी, कॅसेटमध्ये टाकली तर जाळीतून खाली पडते की काय वाटतं. ती पॅराफिन मेणात आडवी पडली की उभा काप येतो, थोडी कलली की तिरका काप येतो, आणि तिरक्या कापात एपिथेलियम, म्हणजे आतलं अस्तर, उगाचच दुप्पट जाड दिसतं. मग आर्थरायटिक ग्रुपमध्ये भिंत जाड झाली म्हणून तुम्ही खूश होऊन ग्राफ काढणार आणि तो सगळा एम्बेडिंगचा (मेणात बसवण्याचा) प्रताप निघणार. आधी एका मोठ्या ठिकाणी आम्ही ट्रायल म्हणून कंट्रोल, म्हणजे आजार न घडवलेल्या, प्राण्याचा ट्रॅकिया दिला होता, तिथून स्लाइड आली त्यात कार्टिलेज (कूर्चा) एकीकडे, अस्तर दुसरीकडे आणि मधे भोक. विचारलं तर म्हणे टिश्यूच खराब होता.

काकांनी पाचही बोटांत मावेल एवढी बरणी हातात घेतली आणि टिश्यूकडे बघायच्या आधी प्रश्न सुरू केले. फॉर्मलिन, म्हणजे टिश्यू टिकवायचं द्रावण, बफर्ड आहे का साधं? साधं ठेवलं की आम्लपणा वाढतो आणि रक्त असलेल्या जागी काळपट तपकिरी दाणे पडतात, मग ते रंगद्रव्य म्हणून कोणीतरी रिपोर्ट करतं. प्राणी गेल्यावर किती वेळाने काढलं? सिलिया, म्हणजे अस्तरावरचे सूक्ष्म केस, सगळ्यात आधी गळतात, आणि एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत अर्धा तास गेला तरी अस्तर सुटायला लागतं, मग सिलिया नाहीत हे आर्थरायटिसमुळे का उन्हामुळे हे कोण सांगणार. लंग फुगवलाय का? हा प्रश्न विचारणारा हिस्टोवाला मला सोलापुरात दुसरा भेटलेला नाही. फुफ्फुस नुसतं काढून फॉर्मलिनमध्ये टाकलं तर ते बसतं, पिळून ठेवलेल्या चादरीसारखं, सगळ्या घड्या एकमेकींवर, आणि स्लाइडवर वाटतं काय जबरदस्त इंटरस्टिशियल थिकनिंग (हवेच्या पिशव्यांमधल्या भिंती जाड होणं) आहे. त्यासाठी ट्रॅकियातूनच कॅन्यूला (बारीक नळी) घालून साधारण २० ते २५ सेंटीमीटर पाण्याच्या दाबाने फॉर्मलिन सोडायचं, फुफ्फुस भरलं की दोऱ्याने बांधायचं, मग बरणीत. पण मग ट्रॅकियाच्या ज्या भागात कॅन्यूला गेला तिथलं अस्तर खरवडलं जातं, तो भाग मोजायला वापरायचा नाही, वरचा तुकडा आधीच वेगळा काढून ठेवायचा. हे काकांनी सांगितलं असं नाही, आम्ही तसंच करून नेलं होतं, पण त्यांनी ते तपासून बघितलं आणि कुठला तुकडा वरचा ते विचारून कॅसेटवर खूण केली. तिथेच माझा अर्धा निर्णय झाला.

एम्बेडिंग बघायला बसू देतात, हे मला फार आवडलं. साच्यात पातळ पॅराफिनचा तळ ओतला, तो किंचित दुधाळ व्हायला लागला तेवढ्यात गरम चिमट्याने ट्रॅकियाची रिंग उचलून कडेवर उभी केली, एक सेकंद धरून ठेवली, चिमटा काढला, रिंग उभीच. मग वरून बाकीचं पॅराफिन. प्रत्येक रिंगची पाठीची बाजू, म्हणजे जिथे कार्टिलेज अर्धवट सोडलेलं असतं आणि ट्रॅकिअ‍ॅलिस स्नायू असतो ती बाजू, एकाच दिशेला. आमच्या सगळ्या ब्लॉकमध्ये ती दिशा सारखी होती, त्यामुळे नंतर स्नायूची जाडी मोजताना स्लाइड फिरवत बसावं लागलं नाही. कापायच्या आधी ब्लॉक बर्फावर उलटे ठेवतात, उन्हाळ्यात तर दर थोड्या सेक्शननंतर परत बर्फावर, कारण सोलापूरचं ऊन एकदा बेचाळीसच्या वर गेलं की पॅराफिन मऊ पडून रिबन, म्हणजे सलग कापांची पट्टी, चुरगळते. "उन्हाळ्यात मी सकाळी सहाला बसतो मॅडम, दहानंतर ब्लॉक ऐकत नाही," असं काका म्हणाले, आणि खरंच दहानंतर ते कटिंग करत नाहीत, कितीही घाई असू दे. कार्टिलेजवाला सेक्शन वॉटर बाथमध्ये उघडतो पण स्लाइडवर नीट चिकटत नाही, स्टेनमध्ये उचलला जातो, म्हणून कोटेड स्लाइड पाहिजेत. त्या ते ठेवत नाहीत, आपण नेऊन द्यायच्या. नेऊन दिल्या तर चार मायक्रॉनचे सेक्शन असे येतात की कार्टिलेजला एक घडी नाही. साध्या स्लाइडवर मात्र घड्या येतात, मग त्यांना दोष देऊ नका.

एच अँड ई सुंदर. न्यूक्लियस निळे करकरीत, इओसिन हलकं, सिलियाची झालर ४० च्या लेन्समध्ये मोजता येईल इतकी स्वच्छ. गंमत म्हणजे आपलं सोलापूरचं जड पाणी इथे कामाला येतं, हिमॅटॉक्सिलिननंतर ब्लूइंगला थोडं अल्कलाइन पाणी लागतं आणि ते नळालाच येतं. अर्थात नळाला येईल त्या दिवशी. बाकी दिवस पिंपातलं. वॉटर बाथला मात्र ते डिस्टिल्डच वापरतात नाहीतर स्लाइडवर क्षाराचे ठिपके राहतात.

पास-अल्शियन ब्लू आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा होता, गॉब्लेट सेलसाठी, म्हणजे म्यूकस बनवणाऱ्या पेशींसाठी. आम्लधर्मी म्यूकस निळं, न्यूट्रल म्यूकस गुलाबी-किरमिजी, दोन्ही एकत्र असेल तर जांभळं. अल्शियन ब्लूचा पीएच २.५ ठेवायचा हे त्यांना माहीत आहे, विचारायची गरज पडली नाही. स्वच्छ वातावरणात वाढलेल्या रॅटच्या ट्रॅकियात गॉब्लेट सेल थोडेच असतात, त्यामुळे वाढ झाली तर नजरेला पटकन येते, हाच या स्टेनचा फायदा. एक बॅच थोडी फिकट आली, या स्टेनमधलं शिफचं द्रावण जुनं होतं असं भाच्याने स्वतःहून कबूल केलं आणि परत करून दिली, जादा पैसे घेतले नाहीत. म्हणून चार.

आता वाईट. मॅसन ट्रायक्रोम इथे करू नका. अस्तराखाली कोलॅजन (तंतूंचं प्रथिन) वाढलंय का, नलिकांभोवती फायब्रोसिस आहे का हे बघायला तोच लागतो, आणि त्यांच्याकडे तो दर वेळी वेगळा येतो. एका स्लाइडवर कोलॅजन गडद निळं, स्नायू लाल, दुसऱ्या स्लाइडवर सगळंच जांभळट, तिसरीवर कोलॅजन इतकं फिकं की आकाश. नजरेने ग्रेड द्यायची असेल तर कसंबसं चालेल, पण सॉफ्टवेअरमध्ये रंगावरून टक्केवारी काढायची असेल तर हे कामाचं नाही. सगळे ग्रुप एकाच बॅचमध्ये, एकाच दिवशी, एकाच टबात स्टेन करा म्हणून मी लिहून दिलं होतं, तरी कंट्रोल एका दिवशी आणि आर्थरायटिक दुसऱ्या दिवशी झाले. याचा अर्थ ज्याला कळतो त्याला राग का आला ते कळेल, स्टेनमधला फरक आणि आजारामुळे पडलेला फरक आता वेगळा करता येत नाही. बोलले मी. काकांचं म्हणणं, "टबात तेवढ्या स्लाइड मावत नाहीत." मग आधी सांगायचं ना मालक, आम्ही प्रत्येक ग्रुपमधले थोडे थोडे असं वाटून दिलं असतं. ट्रायक्रोम शेवटी बाहेरून करून आणला, अनस्टेन्ड सेक्शन त्यांच्याकडूनच कापून घेतले. हा मार्ग चांगला आहे, मी तरी पुढेही हेच करणार, कापणं सोलापुरात आणि ट्रायक्रोम पुण्याला.

फोटोची सर्व्हिस म्हणजे मायक्रोस्कोपला मोबाइल लावून फोटो, पिवळा उजेड, स्केल बार नाही, मॅग्निफिकेशन विचारलं तर "चाळीसचा" एवढंच. थीसिसमध्ये असला फोटो टाकला तर एक्झामिनर पहिला प्रश्न तोच विचारेल. कॉलेजच्या कॅमेरावाल्या मायक्रोस्कोपवर स्वतः काढा.

आणि रिपोर्ट. जादा पैशात एक पानाचा रिपोर्ट मिळतो, कोण लिहितं ते कळलं नाही, सही वाचता येत नाही. आमच्या ओळखीच्या दोन वेगवेगळ्या कॉलेजच्या, दोन वेगवेगळ्या आजारांच्या रिपोर्टमध्ये वाक्यं तीच होती, माइल्ड क्रॉनिक इन्फ्लमेशन सीन, आर्किटेक्चर मेंटेन्ड. हे घेऊच नका. प्राण्यांच्या टिश्यूची सवय असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून, शक्यतो व्हेटर्नरीवाल्याकडून वाचून घ्या, आणि स्लाइडवर ग्रुपचं नाव न लिहिता नुसता कोड टाकून द्या. कोडचं काम इथे नीट होतं, आम्ही दिलेल्या यादीप्रमाणे कोड घातले, फक्त भाच्याने काही स्लाइडवर पेनने लिहिलं आणि झायलीनमध्ये शाई वाहून गेली, ब्लॉकवरच्या नंबरवरून परत जुळवून दिले. फ्रॉस्टेड कडेवर पेन्सिलनेच लिहा म्हणून सांगून ठेवा.

वाचून घेण्यावर एवढा भर का देतेय तर या मॉडेलमध्ये फसायला जागा खूप आहेत, आणि स्लाइड कितीही सुंदर असली तरी त्या जागा ती स्लाइड स्वतः सांगत नाही. पहिली म्हणजे रॅटच्या मोठ्या नलिकांच्या कडेला लिम्फॉइड टिश्यू मुळातच असतो, बाल्ट म्हणतात त्याला, निरोगी रॅटमध्येही. तो बघून फॉलिक्युलर ब्राँकिओलायटिस झाला असं लिहिणारे आहेत. वाढलाय का हे कंट्रोलशी मोजून बघायला लागतं. दुसरी, प्राणीघरात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू असेल तर त्याच जागी लिम्फोसाइट वाढतात, म्यूकस वाढतं, नलिका रुंदावतात, म्हणजे तुम्ही जे शोधताय तंतोतंत तेच, आर्थरायटिस नसताना. पिंजऱ्यातला अमोनिया त्यात तेल ओततो. भुसा वेळेवर बदलला नाही तर तुमचा कंट्रोल ग्रुपही कंट्रोल राहत नाही. तिसरी मला सगळ्यात धोक्याची वाटते, सीएफए स्वतःच फुफ्फुसात ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींच्या गाठी) करू शकतं, तेल आणि जंतूंचे अवशेष तिथे पोचतात, त्यामुळे लंगमध्ये ग्रॅन्युलोमा दिसला म्हणजे आरएचं फुफ्फुस सापडलं असं नाही, ते इंजेक्शनचंही असू शकतं. चौथी, स्टँडर्ड ड्रग म्हणून सगळे मेथोट्रेक्सेट देतात आणि मेथोट्रेक्सेटने स्वतःच न्यूमोनायटिस (फुफ्फुसाचा दाह) होऊ शकतो, म्हणजे औषधाच्या ग्रुपचा लंग बिघडला तर ते आजाराने का औषधाने हा वाद राहतोच. रॅटच्या फुफ्फुसाच्या आतल्या नलिकांना कार्टिलेज नसतं, माणसाच्या ब्राँकसला असतं, हेही लक्षात ठेवा, कार्टिलेज दिसत नाही म्हणजे आजाराने खाल्लं असं लिहिलेला ड्राफ्ट मी स्वतः वाचलाय, कुणाचा ते सांगत नाही.

आमच्या आर्थरायटिक ग्रुपमध्ये नक्की काय निघालं ते इथे लिहीत नाही, थीसिस अजून जमा व्हायचाय आणि सर हे वाचतात. एवढंच सांगते की ट्रॅकियापेक्षा लहान नलिकांमध्ये बघायला जास्त मजा आहे, आणि मोजताना फक्त गोल कापल्या गेलेल्या नलिका घ्यायच्या, लांबट अंडाकृती सोडून द्यायच्या. स्नायू किंवा भिंतीचं क्षेत्रफळ काढलं की ते बेसमेंट मेम्ब्रेनच्या, म्हणजे अस्तराखालच्या पातळ पडद्याच्या, परिघाने भागायचं, कारण स्नायू आखडला तरी तो परिघ फारसा बदलत नाही, नलिकेची आतली पोकळी मात्र बदलते. यासाठी सेक्शनमध्ये बेसमेंट मेम्ब्रेनची रेघ सलग दिसायला लागते, तुटक नाही, आणि ती इथल्या सेक्शनमध्ये दिसते. कटिंगला पाच स्टार का दिले ते आता कळलं असेल.

दुसऱ्या कॉलेजच्या एका मैत्रिणीचं कोलॅजनवालं मॉडेल आहे, सीआयए म्हणजे कोलॅजन-इंड्यूस्ड आर्थरायटिस, टाइप टू कोलॅजन टोचून करतात, १९७७ पासूनचं. तिच्यासाठी ट्रॅकिया आणखी इंटरेस्टिंग, कारण ट्रॅकियाच्या रिंगचं कार्टिलेजसुद्धा टाइप टू कोलॅजनचंच. म्हणजे शरीर ज्याच्याविरुद्ध पेटलंय तेच श्वासनलिकेच्या भिंतीत बसलेलं. या पद्धतीने टोचलेल्या काही रॅटच्या कानाचं कार्टिलेज सुजतं हे माहीत असलेलं आहे. ट्रॅकियाचं म्हणाल तर १९९९ मध्ये मॅट्रिलिन-१ नावाचं प्रथिन टोचून रॅटच्या नाकाचं आणि श्वासनलिकेचं कार्टिलेज खराब करून दाखवलंय, ते प्रथिन ट्रॅकियात असतं, पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या सांध्याच्या कार्टिलेजमध्ये नसतं. तिने काकांकडून सॅफ्रॅनिन ओ हा स्टेन करून घेतला, कार्टिलेजमधले प्रोटिओग्लायकन लाल-नारिंगी येतात आणि जिथे कमी झाले तिथे रंग उडालेला दिसतो. मी बघितल्या तिच्या स्लाइड, चांगल्या आहेत, सगळ्यांचा रंग सारखा. ट्रायक्रोम जमत नाही आणि सॅफ्रॅनिन जमतो, असं का ते देवाला माहीत.

पैशाचं म्हणाल तर पुण्याच्या मानाने बरंच स्वस्त पडतं, स्पेशल स्टेनला एच अँड ईच्या साधारण दुप्पट धरा, बिल पाहिजे असेल तर आधी सांगा कारण बिलबुक भाच्याकडे असतं आणि भाचा दुपारनंतर नसतो. वेळ मात्र दिलेली पाळतील असं धरू नका. हॉस्पिटलची बायोप्सी आली की तुमचा उंदीर मागे, आणि ते बरोबरच आहे, कुणाचा तरी कॅन्सरचा रिपोर्ट अडलेला असतो. सिनॉप्सिसच्या तारखेच्या तोंडावर जाऊ नका. पुण्याला पाठवायचं तर बरणीत फॉर्मलिन म्हटल्यावर कुरिअरवाला हात वर करतो, एसटीत स्वतः घेऊन जावं तर बरणी गळली तर अख्खी गाडी डोळे चोळत बसेल, त्यामुळे ब्लॉक इथे करून घेऊन नुसते ब्लॉक नेणं सगळ्यात सोपं. ब्लॉक ते परत देतात, न मागता देतात, हेही सगळीकडे होत नाही. फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका.

एक गोष्ट काकांना तोंडावर सांगितली तीच इथे सांगते. आतल्या खोलीत एक्झॉस्ट फॅन आहे तो बंद असतो, आवाज होतो म्हणे. फॉर्मलिन आणि झायलीनचा वास दारातच येतो. फॉर्मल्डिहाइड हे माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, आणि इतकी वर्षं तेच हुंगत बसलेला माणूस दर दोन मिनिटांनी खाकरत असतो. आम्ही रॅटच्या श्वासनलिका मोजतोय आणि हे असं. भाच्याने फॅनचं मनावर घ्यावं, गिऱ्हाइकांनीही जरा मागे लागावं.

जाताना न्यायचं ते सांगते, कोटेड स्लाइड, कोडची यादी दोन प्रती, कुठला तुकडा ट्रॅकियाच्या कुठल्या भागाचा त्याचं चित्र (शब्दात लिहू नका, चित्रच काढा), आणि कुठले स्टेन एकाच बॅचमध्ये पाहिजेत ते मोठ्या अक्षरात, टबात किती मावतात ते आधी विचारून. बरणीत टिश्यूच्या दहापट तरी फॉर्मलिन असू दे नाहीतर बोलणी खाल. रविवारी बंद, गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांना काका स्वतः जातात तेव्हा ते चार-पाच दिवस फोन उचलत नाहीत, त्या काळात भाचा "ठेवून जा, बघतो" म्हणाला तरी ठेवून येऊ नका.